बेडलमचे दप्तर

घरात कुणी असंबद्ध बोलू लागले की ‘याला आता ठाण्याला न्यायला हवे’ किंवा ‘येरवड्याचे तिकीट काढा’ असे म्हणून हसण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ठाण्यात आणि येरवड्यात लाखो शहाणी माणसे संसार करतात, दुकाने चालवतात. परंतु तिथल्या मनोरुग्णालयांमुळे त्या नावांना हा दुसरा अर्थ चिकटला, तो काही निघत नाही. लंडनकरांनीही आपल्या एका इस्पितळाच्या नावाचे असेच केले. ‘बेडलम’ हा शब्द इंग्रजी कोशात पाहावा, तर अर्थ सापडतो गोंधळ, कल्लोळ, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही अशी अवस्था. मूळ शब्द मात्र बेथलेहेम, येशू ख्रिस्ताचे जन्मगाव. सेंट मेरी ऑफ बेथलेहेम या नावाने १२४७ साली लंडनच्या वेशीबाहेर एक मठ उभा राहिला, त्याचे इस्पितळ झाले, नाव बोलीत झिजत झिजत ‘बेथलेम’ आणि मग ‘बेडलम’ झाले, आणि एका पवित्र गावाचे नाव वेडाचे नाव होऊन बसले.

हे इस्पितळ आजही चालू आहे. साडेसातशेहून अधिक वर्षांत त्याने चार जागा पाहिल्या. पहिली, आज जिथे लिव्हरपूल स्ट्रीट रेल्वे स्थानक आहे तिथे, दुसरी मूरफील्ड्सला, तिसरी थेम्सच्या दक्षिणेस सेंट जॉर्जेस फील्ड्सला, जिच्या इमारतीत आता युद्ध-संग्रहालय आहे, आणि चौथी १९३० पासून दक्षिण लंडनच्या टोकाला बेकनहॅम येथे. या चौथ्या जागी, इस्पितळाच्या आवारातच, जुन्या प्रशासकीय इमारतीत २०१५ पासून ‘बेथलेम म्युझियम ऑफ द माइंड’ हे मनोव्याधींच्या इतिहासाचे संग्रहालय मांडलेले आहे. उद्घाटन कुणा मंत्र्याच्या हस्ते झाले नाही. ग्रेसन पेरी या चित्रकार-कुंभाराच्या हस्ते झाले. प्रवेशशुल्क नाही. चेरिंग क्रॉसहून गाडीने ईडन पार्क स्थानक गाठावे आणि पुढे चालत जावे. मुलाकडे राहावयास गेलो असता मी ही वाट धरली, तेव्हा सूनबाईंनी विचारले, “बाबा, लोक राजवाडा पाहायला जातात, आणि तुम्ही हे?” त्यांचा प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता, पण ज्याने सारे आयुष्य दुसऱ्यांच्या खातेवह्या तपासल्या, त्याला जुन्या दप्तरासारखे दुसरे आकर्षण नसते. आणि बेथलेमचे दप्तर फार जुने आहे.

त्या दप्तरातील एक नोंद १३९८ सालची आहे. आपण दिवाळीच्या सुमारास दुकानातील मालाची मोजदाद करतो, तशी ती इस्पितळातील जंगम वस्तूंची यादी. तीत आहेत लोखंडी हातबेड्यांच्या चार जोड्या, अकरा साखळ्या, सहा कुलुपे आणि पाय अडकवावयाचे दोन खोडे. पुढे १४०३ साली इस्पितळाच्या द्वारपालाची अफरातफर उघडकीस आली आणि चौकशी झाली. त्या चौकशीच्या कागदांत प्रथमच लिहिले गेले की, येथे बुद्धी हरपलेले सहा पुरुष आहेत. हिशेबनीसाच्या नजरेने पाहिले तर क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. साखळ्या आधी मोजल्या गेल्या, माणसे पाच वर्षांनी. आणि तीही चोरीचा तपास लागला म्हणून. त्या सहा जणांची नावे कुणी टिपून ठेवली नाहीत, द्वारपालाचे नाव मात्र राहिले.

संग्रहालयात शिरताच जिन्याच्या दोन बाजूंना दोन भव्य पाषाणमूर्ती पहुडलेल्या दिसतात. कायस गेब्रियल सिबर या शिल्पकाराने १६७६ च्या सुमारास पोर्टलंडच्या दगडात घडविलेल्या. एक विषण्ण, शून्यात पाहणारा. दुसरा उन्मत्त, साखळदंडाने जखडलेला. खिन्नता आणि उन्माद, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे वेडाची दोन रूपे. मूरफील्ड्सची इमारत रॉबर्ट हूक या थोर वैज्ञानिकाने रचली होती. ती बाहेरून राजवाड्यासारखी देखणी होती, आणि तिच्या प्रवेशद्वारावर हे दोघे बसविले होते. दुकानाच्या दर्शनी भागात आत काय मिळते त्याचा नमुना टांगावा, तसे.

आणि गिऱ्हाईक येतही असे! वेडे पाहावयास जाणे ही त्या काळी लंडनमधील एक करमणूक होती. सणासुदीला माणसे बायकामुलांसह येत, कोठड्यांपुढून फिरत, आतल्यांना डिवचत, आणि जाताना दारातील दानपेटीत नाणे टाकीत. लाकडात कोरलेल्या माणसाच्या आकाराच्या त्या दानपेट्या आजही जपून ठेवल्या आहेत. विश्वस्तांना ही गर्दी हवी होती, कारण धर्मादायावर चालणाऱ्या संस्थेला रोकड लागते. त्यांना दुष्ट म्हणता येणार नाही. पाहून दया येईल, दयेतून दान येईल, असा त्यांचा हिशेब होता. आणि दानाचा आकडा वाढतो आहे तोवर कुणी त्या हिशेबाची उलटतपासणी करीत नाही, हे आपण आपल्याकडील संस्थांतही पाहतो. १७७० साली अखेर या मुक्त दर्शनाला आळा घालण्यात आला.

विल्यम होगार्थ या चित्रकाराची आठ चित्रांची एक मालिका त्या काळी फार गाजली. १७३५ मध्ये तिचे छापही निघाले. कथा अशी की, एका श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा वारशात आलेला पैसा उधळतो, जुगारात बुडतो, कर्जापायी तुरुंगात जातो, आणि आठव्या चित्रात बेडलममध्ये अर्धनग्न अवस्थेत पडलेला दिसतो. मागे उंची पोशाखातील दोन स्त्रिया त्याला पाहत उभ्या आहेत. व्यापारी घरांत पोरांना धाक घालण्यासाठी यापरते साधन नसेल! चित्रकार म्हणून होगार्थ मोठाच. परंतु त्याने एक समजूत पक्की केली की, वेड हे वाईट वळणाचे अंतिम फळ आहे. ही समजूत आपल्याकडेही ठाण मांडून आहे, तिला होगार्थची गरज लागली नाही. ‘लाडावून ठेवला’, ‘संगत वाईट’, ‘बायकोने ऐकून घ्यायला हवे होते’ अशा वाक्यांनी आपण रोगाचे निदान उरकतो. मधुमेह झालेल्याला त्याचे चारित्र्य कुणी विचारीत नाही.

आता एका पेढीची गोष्ट सांगतो. पेढी म्हणण्याचे कारण पुढे कळेलच. १७२८ मध्ये जेम्स मन्रो हे बेथलेमचे मुख्य वैद्य झाले. त्यांच्यामागून पुत्र जॉन, मग नातू टॉमस, मग पणतू एडवर्ड टॉमस. चार पिढ्या, सव्वाशे वर्षे, एकच गादी. शिवाय खासगी वेड्यांच्या निवासांतही या घराण्याचे हितसंबंध होते, म्हणजे धर्मादाय शाखा निराळी आणि किफायतीची शाखा निराळी. उपचार कोणते? ठरावीक ऋतूत साऱ्या रुग्णांचे रक्त काढायचे, मग वांतीचे औषध, मग रेच. १७५८ साली विल्यम बॅटी नावाच्या दुसऱ्या वैद्याने, ज्यांनी सेंट ल्यूक्स हे प्रतिस्पर्धी इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला होता, पुस्तक लिहून म्हटले की, वेडाचे प्रकार अनेक आहेत, सर्वांना एकच मात्रा कशी लागू पडेल, आणि औषधापेक्षा योग्य सांभाळाने अधिक गुण येतो. जॉन मन्रो यांनी त्याच वर्षी खंडनाची पुस्तिका काढली आणि रक्त काढणे पूर्ववत चालू राहिले. पुढे १८१५ साली संसदेच्या समितीने टॉमस मन्रो यांना विचारले, तेव्हा त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा : ही पद्धत मला वडिलांकडून मिळाली, याहून चांगली मला ठाऊक नाही. बापजाद्यांची रीत हे आपल्या धंद्यांचेही भांडवल असते. परंतु मालाची रीत आणि माणसाच्या शरीराची रीत यांत काही अंतर आहे की नाही?

त्या समितीपर्यंत प्रकरण कसे गेले, हा या इतिहासाचा गाभा आहे. त्यात चहाचे दोन व्यापारी येतात.

पहिले विल्यम ट्यूक, यॉर्क शहरातील. घराण्याचा चहा-कॉफीचा व्यापार, पंथ क्वेकर : साधी राहणी, शांत प्रार्थना आणि हिंसेला विरोध. (याच घराण्याच्या कोकोच्या धंद्याचा भाग १८६२ मध्ये राउंट्री नावाच्या गृहस्थांनी घेतला आणि पुढे त्या कंपनीने ‘किटकॅट’ बाजारात आणले. आपल्या नातवंडांच्या हातातील वेष्टनाची वंशावळ ही अशी.) १७९० साली हॅना मिल्स ही क्वेकर विधवा यॉर्कच्या आश्रमात मरण पावली. तिला भेटू पाहणाऱ्या धर्मबांधवांना आत सोडले नव्हते. आत काय चालते ते कळत नसेल तर आपले स्वतःचे घर काढावे, असे ट्यूक यांनी ठरविले. वर्गणी जमविली, आणि १७९६ मध्ये गावाबाहेर टेकडीवर ‘रिट्रीट’ उघडले. इस्पितळ हे नावच मुद्दाम टाळले. खिडक्यांचे गज लोखंडाचे, पण लाकडी चौकटीसारखे दिसतील असे घडविलेले. बागकाम, शिवण, फेरफटका. आणि चहाच्या व्यापाऱ्यांच्या संस्थेला शोभेल असा एक उपचार : रुग्णांना चहाच्या मेजवानीचे रीतसर निमंत्रण जाई, ते ठेवणीतले कपडे घालून येत आणि पाहुण्यासारखे वागविले जात. पुढील काळात फूको या फ्रेंच विचारवंताने टीका केली की, ट्यूक यांनी पायातील बेडी काढली आणि मनात अपराधाची बेडी घातली. टीका वजनदार आहे. तरी ज्याच्या पायात लोखंड आहे त्याने निवड करायची झाल्यास तो कोणते घर निवडील, याविषयी मला शंका नाही.

दुसरे व्यापारी जेम्स टिली मॅथ्यूज, लंडनमधील चहाचे दलाल. चहा त्या काळी चीनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून येई, कंपनी त्याचा लिलाव करी, आणि मॅथ्यूज यांच्यासारखे लोक तो पुढे विकीत. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि इंग्लंडशी युद्धाचे ढग दिसू लागले, तेव्हा या गृहस्थांनी पॅरिसला जाऊन तहाची बोलणी करण्याचा उद्योग आरंभिला. क्रांतिकारकांनी हेर समजून त्यांना तीन वर्षे अटकेत ठेवले. १७९६ मध्ये, म्हणजे ट्यूक यांचे ‘रिट्रीट’ उघडले त्याच वर्षी, मॅथ्यूज लंडनला परतले, आणि वर्षअखेरीस संसदेच्या प्रेक्षक-सज्जातून ‘देशद्रोह!’ अशी आरोळी त्यांनी ठोकली. १७९७ च्या जानेवारीत त्यांची रवानगी बेडलममध्ये झाली.

मॅथ्यूज यांचे म्हणणे असे होते की, इस्पितळापासून जवळच एका तळघरात सात जणांची टोळी बसली आहे. तिच्यापाशी ‘हवेचा माग’ नावाचे यंत्र आहे. त्यातून सुटणाऱ्या वायुलहरींनी ती त्यांच्या मनात परके विचार विणते, शरीराला यातना देते, मंत्र्यांनाही वश करते. टोळीत एक ‘मास्तर’ होता, त्याचे काम काय, तर घडेल ते सारे लघुलिपीत टिपून ठेवणे. आज मनोविकारतज्ज्ञ या लक्षणांना स्किझोफ्रेनिया म्हणतील, आणि हे त्या व्याधीचे अगदी आरंभीच्या काळातील तपशीलवार लिखित उदाहरण मानले जाते. यंत्र तेवढे काळाप्रमाणे बदलते. त्या दिवसांत इंग्लंडमध्ये यंत्रमागांचा खडखडाट नवा होता. आजच्या रुग्णाला मोबाइल मनोऱ्यातून किंवा उपग्रहातून विचार पेरले जाताना जाणवतात.

परंतु माणूस आजारी आहे एवढ्याने प्रश्न संपत नाही. मॅथ्यूज यांच्या कुटुंबाने १८०९ मध्ये न्यायालयात धाव घेतली. क्लटरबक आणि बर्कबेक या दोन डॉक्टरांनी त्यांना तपासून ते शहाणे असल्याचे सांगितले. बेथलेमचे निवासी औषधोपचारक जॉन हॅस्लम यांनी उलट बाजूने डॉक्टरांचे मत गोळा केले. सरकारलाही या वाचाळ दलालाला बाहेर सोडणे नको होते. अर्ज फेटाळला गेला. एवढ्यावर न थांबता हॅस्लम यांनी १८१० मध्ये एक पुस्तकच छापले. त्यात मॅथ्यूज यांची सारी कथा आणि मॅथ्यूज यांनी स्वतः काढलेले हवेच्या मागाचे रेखाचित्र. एकाच मनोरुग्णावर लिहिलेले हे पहिले पुस्तक समजतात. उद्देश एकच, आपण याला कोंडले ते योग्यच हे सिद्ध करणे. ज्याच्या हाती कुलूप होते त्याच्याच हाती लेखणीही होती.

एका बाबतीत मात्र हॅस्लम यांचा अंदाज चुकला. मॅथ्यूज हेही टिपणे ठेवीत होते. कुणाला कधी बांधले, कुणाला काय वागणूक मिळाली, हे सारे. दलालाची सवय, सौदा तोंडी झाला तरी टाचण करून ठेवायचे.

१८१४ च्या वसंतात एडवर्ड वेकफील्ड नावाचे एक समाजसुधारक बेथलेम पाहावयास गेले. तिथे त्यांना जेम्स नॉरिस हा अमेरिकन खलाशी भेटला. गळ्यात लोखंडी कडे, त्याची आखूड साखळी भिंतीलगतच्या उभ्या गजावर वरखाली सरकणारी, कमरेभोवती लोखंडी पट्टा, दोन्ही दंड त्यालाच जखडलेले. उठून उभे राहता येई किंवा पाठीवर निजता येई, बाकी काही नाही. असा तो दहा वर्षांच्या आसपास होता. आणि तो वर्तमानपत्र वाची, पाहुण्यांशी सुसंगत बोले. त्याचे चित्र काढविले गेले, छापले गेले, खासदारांच्या हाती पोहोचले. (त्या गडबडीत त्याचे नाव जेम्सऐवजी विल्यम असे पडले, आणि तेच चुकीचे नाव दीर्घकाळ चालले.) बेड्या निघाल्या, पण त्यानंतर तो फार दिवस जगला नाही.

१८१५ साली संसदेची समिती बसली. बेड्या कुणाला घालाव्यात असे विचारता टॉमस मन्रो यांनी जे सांगितले त्याचा भावार्थ, बेड्या केवळ दरिद्री रुग्णांसाठी असतात, सभ्य गृहस्थाला त्या आवडणार नाहीत. खासगी आश्रमात ते बेड्या वापरीत नसत, कारण तिथे पैसे मोजणारे नातेवाईक येत. समितीपुढे मॅथ्यूज यांची टिपणेही आली. पुढील वर्षी हॅस्लम यांना काढून टाकण्यात आले आणि टॉमस मन्रो यांनाही पायउतार व्हावे लागले. त्यांच्या जागी नेमणूक झाली त्यांच्याच चिरंजीवांची! मघाशी पेढी म्हटले ते यासाठी.

मॅथ्यूज यांना हे पाहावयास मिळाले नाही. त्याआधी एक विलक्षण गोष्ट घडली होती. विश्वस्तांनी नव्या इमारतीसाठी आराखडे मागविले, तेव्हा कोठडीतल्या या चहाच्या दलालाने इमारत-रेखाटन शिकून घेतले आणि स्वतःचा आराखडा सादर केला. रुग्णांसाठी भाजीपाल्याची बाग असावी, हेही त्यात होते. विश्वस्तांनी त्यांना तीस पौंड दिले, आणि अखेरच्या रचनेत त्यांच्या काही कल्पना घेतल्या गेल्या. १८१४ मध्ये त्यांना हॅकनी येथील एका खासगी निवासात हलविण्यात आले. तिथे ते बागकाम करीत आणि मालकांचे हिशेब लिहीत. हवेच्या मागावरचा विश्वास जागच्या जागी होता, आणि खतावणीची बेरीज जुळत होती. १८१५ च्या जानेवारीत ते वारले. इमारत त्याच वर्षी खुली झाली.

मॅथ्यूज यांचे ते हिशेब वाचले आणि मला वाणिज्य शाखेत पाठ केलेले एक कलम आठवले. भारतीय करार कायदा, १८७२, कलम बारा. कायदा सांगतो की, जो एरवी अस्थिर मनाचा असून अधूनमधून शुद्धीवर असतो, तो त्या शुद्धीच्या काळात करार करू शकतो. आणि उदाहरण दिले आहे ते थेट वेड्यांच्या इस्पितळातील रुग्णाचे. विद्यार्थिदशेत आम्हाला हे कलम विनोदी वाटे. ते विनोदी नाही. माणसाचे मन हे ‘चालू’ किंवा ‘बंद’ अशा दोनच अवस्थांचे नसते, हे आपल्या व्यापारी कायद्याने दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे, आणि आपल्या दिवाणखान्यांत ते अजून पोहोचलेले नाही.

इंग्लंडचे हे सारे आपल्याकडे कायद्याच्या रूपाने आले. तिथे १८४५ साली मोठा कायदा झाला, इथे १८५८ साली एकदम तीन. त्या तिघांपैकी एक वेड्यांच्या आश्रमांविषयी होता. उरलेले दोन अशा व्यक्तींची चौकशी आणि त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था यांविषयी. एकास दोन, हे प्रमाण आपल्या घराघरांतही टिकून आहे. बँकेत आम्हाला शिकविले जाई की, खातेदाराचा मृत्यू, दिवाळखोरी किंवा वेड यांची सूचना मिळताच त्याचे धनादेश थांबवावेत. कारकिर्दीत मी अनेकदा पाहिले की, कुटुंबातील एखाद्याचे मन बिघडल्याची वार्ता डॉक्टरच्या आधी बँकेत पोहोचते. ‘साहेब, धाकट्या भावाची सही काढून टाकायची आहे.’ ‘कारण?’ ‘तब्येत.’ याहून अधिक शब्द उच्चारला जात नसे. उपचार कुठे चालू आहेत, असे विचारले की बहुधा उत्तर मिळे, अजून बघतो आहोत, बहिणीचे जमायचे आहे, बाहेर बभ्रा नको. भीती खोटी नाही. आपल्या समाजात पत ही नावावर चालते, आणि नावाला काय चिकटेल त्याचा नेम नाही. परंतु त्या ‘बघतो आहोत’मध्ये दोन-दोन वर्षे जातात. रोग वाढतो, आणि मुलगा माडीवरच्या खोलीत असतो. त्या खोलीला साखळी नसते. कडी असते, आणि ती बाहेरून असते.

आपला २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा याबाबत पुष्कळ पुढे आहे, आणि व्यापारी कुटुंबांनी तो वाचावा असे मला आग्रहाने वाटते. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास त्यात मनाई आहे. मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून ती व्यक्ती अस्थिर मनाची ठरत नाही, तसे सक्षम न्यायालयाने ठरवावे लागते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा डॉक्टरची चिठ्ठी दाखवून भावाची भागीदारी गुंडाळणाऱ्यांनी वकिलाला आधी भेटावे. आजारपणाच्या काळात आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, ते शहाणपणाच्या काळात लिहून ठेवता येते. नामनिर्देशन आपल्याला अपरिचित नाही. ठेवीला करतो, लॉकरला करतो. विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यावे, असेही कलम आहे. आणि ज्यांना ओळखीच्या डॉक्टरकडे जाण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६.

संग्रहालयाच्या उरलेल्या भागात बेड्या आहेत, गादीने मढविलेल्या कोठडीचे तुकडे आहेत. तिथे मी फार रेंगाळलो नाही. लोखंड एकदा पाहिले की पाहिले. थांबावेसे वाटते ते चित्रांपाशी. रिचर्ड डॅड हा तरुण, नावाजू लागलेला चित्रकार. १८४३ मध्ये भ्रमाच्या भरात त्याच्या हातून वडिलांची हत्या झाली. वीस वर्षे तो बेथलेममध्ये होता, नंतर मृत्यूपर्यंत ब्रॉडमूरला. बेथलेमच्या कारभाऱ्यासाठी, हेडन हे त्याचे नाव, डॅडने परीलोकाचे एक लहानसे चित्र नऊ वर्षे रंगविले आणि तरी ते पुरे केले नाही. ते चित्र आता टेट या राष्ट्रीय कलासंग्रहात आहे. ज्या कारभाऱ्याने बंदिवानाकडे चित्र मागितले, त्याच्याविषयी मला मनापासून आदर वाटला.

आणि लुई वेन. चष्मा घातलेली, चहा पिणारी, गोल्फ खेळणारी मांजरे काढणारा हा माणूस एके काळी इंग्लंडच्या घराघरात होता. व्यवहार मात्र शून्य. चित्रे विकताना हक्क राखून ठेवण्याचे सुचले नाही, म्हणून मांजरे छापली जात राहिली आणि चित्रकार कंगाल होत गेला. १९२४ मध्ये तो गरिबांच्या वॉर्डात दाखल झाला. लेखक एच. जी. वेल्स आणि माजी पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांच्यासारख्यांनी आवाज उठविला, निधी जमला, आणि पुढल्या वर्षी त्याला बेथलेमला आणले. नाताळच्या सजावटीसाठी त्याने इस्पितळातील आरशांवर रंगविलेली मांजरे जपून ठेवलेली आहेत. खुशीत आहेत ती. वेनच्या मांजरांची एक रांग मानसशास्त्राच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे छापली गेली. साध्या मांजरापासून नक्षीदार आकृतीपर्यंत, आणि मथळा असा की, पाहा, रोग वाढत जातो तसे चित्र कसे बिघडते. वस्तुतः त्या चित्रांवर तारखाच नव्हत्या. क्रम लावला तो दुसऱ्याने, आपला सिद्धांत मांडण्यासाठी. तारखेवाचून व्हाउचर लावणाऱ्याला आमच्या शाखेत खुलासा द्यावा लागला असता.

खिडकीतून बाहेर पाहिले की हिरवळीपलीकडे वॉर्ड दिसतात. ते वॉर्ड भरलेले आहेत. खालच्या मजल्यावर एक चित्रदालन आहे. तिथे आजचे आणि पूर्वीचे रुग्ण आपली चित्रे, मातीकाम, विणकाम मांडतात, आणि ते विकलेही जाते. भिंतीवरच्या चिठ्ठीवर कलावंताचे नाव असते, कृतीचे नाव असते आणि किंमत असते. मी गेलो त्या दिवशी एक वृद्ध बाई एका चित्राची किंमत जास्त आहे म्हणून तक्रार करीत होत्या, आणि काउंटरवरची मुलगी शांतपणे सांगत होती की किंमत चित्रकाराने ठरविली आहे, ती कमी होणार नाही.